मास्तरीणबाईंची फरशी

मामा चौथ्या तुकड्यावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

तबेल्याच्या अंगणात काळ्या रबराचे चार तुकडे ओळीने मांडले होते. चार दुकानांतून नमुना म्हणून आलेले, प्रत्येकावर जेमतेम डोकं आणि पाठ मावेल एवढे. मामांचे पाय बाहेर मातीत होते. पहिल्या तीन तुकड्यांवर ते असेच एकेकदा पडून उठले होते, आणि दर वेळी उठताना गुडघ्यावर हात देऊन "हं" एवढंच म्हणाले होते.

"मामा, घोडीसाठी निवडायचंय की तुमच्यासाठी?" ताईने कचेरीच्या दारातून विचारलं.

"झोपायची वस्तू झोपूनच बघायची, ताई. नाहीतर कळणार कसं?"

"मग काय कळलं?"

"पहिला म्हणजे नुसता दगड. दुसऱ्याला टायरचा वास येतोय, शिवाय बारीक बारीक फोड टोचतात. तिसरा ठीक आहे, पाठीला गार लागतो." मामांनी तळहाताने चौथा तुकडा दाबून बघितला. हात चांगला बोटभर आत गेला. "ही मात्र गादी आहे. हिच्यावर माझी सासूसुद्धा कुरकुर न करता झोपली असती."

ताई हसली. गेल्या पंधरा दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असेल.

ताईच्या या रायडिंग स्कूलमध्ये सहा घोडे होते आणि सहांचीही देखभाल मामांकडे होती. मोतद्दाराच्या कामाला लागून त्यांना वीस वर्षं झाली होती. शिकायला येणाऱ्या मुलांनी मामा म्हणायला सुरुवात केली, मग त्यांच्या आईवडिलांनी, मग नालबंदाने आणि घोड्यांच्या डॉक्टरांनीही. सहांपैकी सगळ्यांत म्हातारी ती पांढरी घोडी. तिच्या पाठीवर बसून इतकी मुलं शिकली होती की तिचं मूळ नाव मागे पडून ती मास्तरीणबाई झाली होती. मुलं तिच्याबद्दल बोलायची तीही आदराने. "बाई रागावल्यात," "बाईंनी पाणी प्यायलं नाही," असं. मामाही तसंच बोलत. नवीन पालक आधी चक्रावायचे, मग दोन आठवड्यांत तेही घोडीला अहो-जाहो करू लागायचे.

आणि या मास्तरीणबाई आडव्या होत नव्हत्या.

ते डॉक्टरांनी ओळखलं. घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, समोरच्या बाजूचे केस गेले होते. मामा महिनाभर तिथे मलम लावत होते. पाय कुंडीच्या काठाला घासत असेल, असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "कुंडी नाही, मामा. ही झोपेत पडतेय. घोडा उभ्याने डुलक्या काढतो, पण गाढ झोप लागायला त्याला अंग टाकावंच लागतं. ही अंगच टाकत नाही. मग उभ्या उभ्या झोप लागते, पुढचे पाय मुडपतात आणि पडता पडता जाग येते. रोज." एकदा मूल पाठीवर असताना असं झालं तर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ताईने त्याच दिवशी तिला शिकवणीतून काढलं. खालची फरशी बदलून बघा, डॉक्टर म्हणाले, मी महिन्याभराने येतो. तोवर आडवी झाली नाही, तर तिला मऊ मातीच्या कुरणात पाठवलेलं बरं. तसं कुरण ताईच्या ओळखीच्या एकांकडे होतं, ट्रकने एका दिवसाच्या अंतरावर.

"मला नाही पाठवायचं, मामा," ताई म्हणाली होती. "पण उभं ठेवून झिजवायचं का तिला?"

म्हणून मामा अंगणात रबरावर झोपून बघत होते.

*

चौथा नमुना जिच्या दुकानातला होता ती बाई दुपारी स्वतःच टेम्पो चालवत आली. पन्नाशीची, कॅनव्हासचे बूट, कानामागे पेन्सिल. मामांनी मनातल्या मनात तिचं नाव रबरवाली ठेवलं.

"ही गादी पसंत आहे," मामांनी चौथा तुकडा दाखवला.

"मॅट म्हणा, मामा. गादी म्हटलं की माणूस मऊ शोधायला लागतो." तिने बुटाच्या टाचेने तुकडा दाबला. "ही आमच्या दुकानातली सगळ्यांत भारी मॅट. पण तुम्हाला द्यायची नाहीये मला."

"का बरं? आमच्या बाईंना भारी शोभत नाही होय?"

"तुम्ही हिच्यावर झोपून बघितलंत म्हणे. ताईंनी फोनवर सगळं सांगितलं."

"बघितलं."

"आता उठून बघा. हात न टेकता."

मामा पुन्हा आडवे झाले. उठायला गेले तर कोपर रुतलं, ते सोडवायला गेले तर टाच रुतली. दुसऱ्या खेपेला ते कुशीवर वळून, मातीचा आधार घेऊन कसेबसे उठले. ताईने तोंडावर ओढणी धरली होती.

"हसू नकोस, तुझंही वय होणार आहे," मामा तिला म्हणाले.

"घोडा उठतो तेव्हा आधी काय करतो?" रबरवालीने विचारलं.

हे तर मामांच्या हातचं होतं. नव्या मुलांना ते पहिल्याच आठवड्यात शिकवत. "गाय मागून उठते, घोडा पुढून. पुढचे पाय लांब टाकायचे, खूर रोवायचे, आणि मग मागून जोर लावायचा."

"आणि खूर रोवलाच गेला नाही तर?"

मामांनी कोपराला लागलेली माती झटकली.

"मऊपणा वरच्या भुशातून मिळतो. मॅट लागते ती उठण्यासाठी," रबरवाली म्हणाली. "उठता येईल असा भरवसा असेल तरच ती आडवी होईल. तुम्हाला ती दोन नंबरची टोचली ना, ती घ्या. माझ्याकडेही मिळते. चार दिवस उन्हात टाकली की वास जाईल. चला, जागा मोजून घेऊ."

मास्तरीणबाईंचं ठाण ओळीत पहिलं होतं. दार उघडताना मामांची छाती नेहमी थोडी फुगायची. येणारा प्रत्येक पाहुणा इथे थबकायचा, कारण ठाणातली काळ्या दगडाची फरशी आरशासारखी होती. मोठे साहेब, म्हणजे ताईचे वडील, असताना ते पाहुण्यांना मुद्दाम घोड्यांच्या आधी फरशी दाखवायचे.

रबरवालीने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तिचा बूट वीतभर पुढे सरकला. तिने दाराची चौकट धरली.

"सकाळीच धुतलीय," मामा म्हणाले. "तोंड दिसतं बघा."

तिने खाली बघितलं. तोंड दिसत होतं. घोडी मागच्या भिंतीशी चारही पाय जरा फाकवून उभी होती. रबरवालीने तिच्याकडे बघितलं, मग उकिडवी बसून फरशीवरून तळहात फिरवला. कडेला दोन-चार मुठी भुसा होता. मधली जागा स्वच्छ होती. भुसा मध्ये पसरला की दगड दिसत नाही, म्हणून मामा तो झाडून कडेला लावत असत. हात फिरवता फिरवता ती डाव्या भिंतीपाशी थांबली. तिथे दगडावर दोन पांढरट रेघा होत्या, हातभर लांब, एकमेकींना समांतर, थेट भिंतीपर्यंत गेलेल्या.

"या कधीच्या?"

"थंडीतल्या असतील. नालांच्या आहेत." मामांनाही त्या रेघांचा राग होता. "जातच नाहीत. साबण झाला, वाळू झाली, काथ्याने दोन दोन तास..."

बोलता बोलता त्यांचा हात हवेत घासल्यासारखा हलत होता. तो मध्येच थांबला.

रबरवालीने टेपचं एक टोक मामांच्या हातात दिलं. ते त्यांनी भिंतीशी धरलं, धरायचं तसं.

"बारा बाय बारा," तिने कानामागची पेन्सिल काढून लिहून घेतलं. "चार बाय सहाच्या सहा मॅट बसतील. पण इतक्या गुळगुळीत दगडावर त्या सरकतील. आधी फरशीला छिन्नीने टाकी लावून घ्या. पाथरवट मिळेल ना कोणी?"

"मी लावतो," मामा म्हणाले.

अंगणात ताई वाट बघत होती. "काही अडचण?"

"काही नाही," रबरवाली टेम्पोत चढता चढता म्हणाली. "फरशी जरा खडबडीत करायला सांगितलीय. सगळीकडेच करतात."

मामांनी मान वर केली नाही. इतकी गुळगुळीत फरशी दुसऱ्या कुठल्याच तबेल्यात नसते, हे त्यांना माहीत होतं. टेम्पो फाटकाबाहेर पडेपर्यंत ते हात जोडून उभे होते. एवढ्याशा मालासाठी मामा एवढे हात कशाला जोडतायत, असं ताईला वाटलं असेल.

*

ही फरशी मामांनी एका उपकारापोटी घासायला घेतली होती.

त्यांची मुलगी सहा वर्षांची असताना आजारी पडली. त्या आजारात तिचा डावा पाय बारीक झाला. पाय चालेल, दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पण तिने चालायचं मनावर घेतलं पाहिजे. तिने काही घेतलं नाही. शाळेत मुलं बघतात म्हणून ती दारातून बाहेर पडेना. मामा तेव्हा इथे नवीनच होते. मोठ्या साहेबांनी एक दिवस विचारलं, मुलगी कुठे असते, आणि दुसऱ्या दिवशी तिला स्वतः उचलून पांढऱ्या घोडीवर बसवलं. घोडी तेव्हा ऐन तारुण्यात, नालबंदालाही जवळ येऊ न देणारी. पण मुलगी पाठीवर बसली आणि घोडी अशी चालायला लागली की जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. मुलगी डावीकडे कलली की घोडीही थांबायची, ती सावरली की पुन्हा पाऊल टाकायची. आठ महिने हे चाललं. नवव्या महिन्यात मुलगी घोडीवरून उतरून, म्होरकी हातात धरून, शाळेतल्या सगळ्या मुलांदेखत मैदानाला चक्कर मारून आली.

घोडीचे आभार कसे मानायचे हे मामांना कोणी शिकवलं नव्हतं. साहेब एकदा म्हणाले होते, हिच्या ठाणात तोंड दिसलं पाहिजे. मामांनी ते धरून ठेवलं. बाकीच्या पाच ठाणांतून ते खराटा फिरवत. हे एकच ठाण ते रोज गुडघ्यावर बसून घासत. सांधे धरले तरी घासत राहिले. घोडी जवान होती तोवर तिने निभावून नेलं. मग तिचेही सांधे धरले, आणि एका थंडीत, उठताना, तिचे पुढचे पाय हातभर घसरत भिंतीपर्यंत गेले. त्यानंतर ती कधी आडवी झाली नसणार.

त्या पडल्याच्या खुणा मामा गेले चार महिने वाळूने घासत होते.

*

शेजारच्या ठाणातला घोडा अंगणात बांधून घोडीला तिथे हलवलं आणि मामांनी छिन्नी-हातोडी घेतली. जात्याला टाकी लावतात तशी एक एक टिंब, बोटाबोटाच्या अंतरावर. पहिल्या टिंबाला हात थोडा अडखळला. मग लागला. टक्, टक्, टक्, दिवसभर. दुसऱ्या दिवशी ताई दारात येऊन उभी राहिली. अर्धी फरशी अजून चमकत होती, अर्धी पांढरट, देवीचे वण असल्यासारखी.

"पाथरवटाला बोलावलं असतं, मामा. तुमचे गुडघे बघा."

"असू दे. घासली मीच ना."

ताईचं लक्ष भिंतीजवळच्या दोन रेघांकडे गेलं. तिथपर्यंत टाकी अजून पोचली नव्हती. मास्तरीणबाईंवर बसायला लागली तेव्हा ती बारा वर्षांची होती. घोडे तिलाही कळत होते.

"बाबांनीच सांगितलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "तोंड दिसलं पाहिजे म्हणून."

"साहेबांनी एकदा सांगितलं, ताई. वीस वर्षं घासली मी."

ताईने कोपऱ्यातला खराटा घेतला आणि उडालेल्या कपच्या गोळा करायला लागली. दोघं जेवायच्या वेळेपर्यंत काम करत होती. बोलली ती फक्त एकदा, मामांनी हातोडी अंगठ्यावर मारून घेतली तेव्हा.

मॅट आल्या त्या एकेक उचलायला दोन माणसं लागतील इतक्या जड होत्या. चार दिवस त्या उन्हात पडून राहिल्या. मग फरशीवर कडेला कडा जुळवून बसवल्या, भिंतीलगतच्या कडा कापून बोटभर फट सोडली आणि वर ढोपरभर लाकडाचा भुसा पसरला. मास्तरीणबाई उंबऱ्यापाशी आल्या, मान लांब करून फुरफुरल्या आणि मागे सरल्या. मामांनी घाई केली नाही. तेही शेजारी उभे राहिले. अर्ध्या तासाने एक खूर आत गेला. तिने तो दाबला, उचलला, पुन्हा आपटला. मग दुसरा. आत जाऊन ती मध्यभागी उभी राहिली आणि तिचे पाय यावेळी फाकलेले नव्हते.

पण ती आडवी झाली नाही.

पहिल्या सकाळी नाही, दुसऱ्या सकाळी नाही, पाचव्याही नाही. रोज पहाट फुटता फुटता मामा दार उघडत आणि आधी तिच्या अंगाकडे बघत. पाठ, पोट, आयाळ, सगळं पांढरं स्वच्छ. भुशात फक्त खुरांचे ठसे. आयुष्यभर ज्या स्वच्छतेसाठी ते झिजले, ती बघून आता ते नुसतं दार लावून घेत.

मुलगी आता दुसऱ्या शहरात शाळेत शिकवत होती. संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"बाबा, बसल्या का?"

"नाही गं अजून."

"डॉक्टर कधी येणार?"

"सोमवारी."

"कुरणात त्यांना बरं वाटेल कदाचित."

"वाटेल. तिथे माती आहे. मला कळतं ते." मग मामांनी तिला फरशीचं सगळं सांगितलं. ताईला जे सांगता आलं नव्हतं तेही.

"माझ्यामुळे घासत होतात ना तुम्ही?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? घरी येताना तुमच्या गुडघ्यांना साबणाचा वास यायचा." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, त्यांना वेळ द्या. मलाही आठ महिने लागले होते."

*

रविवारी सकाळी आठला मुलं येत. शिकवणी बाकीच्या घोड्यांवर चालायची, पण सगळी आधी मास्तरीणबाईंना भेटायला जायची, कारण तिथे मामांचा एक जुना नियम होता. बाईंच्या अंगावर एक जरी काडी सापडली, तरी शोधणाऱ्याने ती मामांना आणून द्यायची आणि बदल्यात बाईंना स्वतःच्या हाताने गाजर भरवायचं. मुलांना लक्षपूर्वक बघायची सवय लागावी म्हणून मामांनी हा नियम केला होता. तो फार महागात पडला नव्हता. मुलं यायच्या आत मामांचा खरारा झालेला असायचा. वीस वर्षांत गाजर मिळवणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्यांतल्या एकाने काडी खिशातून आणली होती.

त्या रविवारी रांगेत सगळ्यांत पुढे एक दोन वेण्यांची मुलगी होती. ती दाराच्या खालच्या फळीवर चढली आणि तशीच थिजली.

"मामा," ती जपून म्हणाली, आपणच काहीतरी चूक केल्यासारखी. "बाईंच्या केसांत कचरा आहे."

"कुठे?"

"इथे. मानेवर. आणि पोटावर. या बाजूला सगळीकडेच आहे. शेपटीतपण." तिने मामांकडे बघितलं. मामा पिंपावर बसले होते. खरारा त्यांच्या मांडीवर होता, कोरडा, एकही केस न अडकलेला. "तुम्ही पुसायला विसरलात का?"

"नाही विसरलो."

"मग?"

"काडी आण. नियम माहीत आहे ना?"

मुलीने आयाळीतून भुशाचा एक बारीक कुरळा कपचा सोडवला आणि तळहातावर ठेवून आणला. मामांनी तो घेतला, उजेडात धरून नीट बघितला आणि बादलीतून एक गाजर काढून तिला दिलं. मागची मुलं रांग मोडून फळीवर चढली. एकेक जण तळहातावर भुसा घेऊन येऊ लागला. मास्तरीणबाई डोळे अर्धवट मिटून, चांगली झोप झालेल्या माणसाच्या सावकाशीने, एकामागून एक गाजरं खात राहिल्या. साडेआठला बादली रिकामी झाली. मामांनी घोड्यांच्या दुपारच्या खाण्यातली गाजरं काढायला घेतली.

गलका ऐकून ताई कचेरीतून आली. तिने मुलांच्या डोक्यांवरून आत बघितलं. घोडीच्या डाव्या कुशीला मानेपासून शेपटीपर्यंत भुसा चिकटला होता, आणि भुशाच्या मधोमध एक मोठा खोलगा पडला होता, घोडीच्या अंगाएवढा.

मग ताई मुलांना बाजूला करून आत गेली, आणि बाहेर येऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने मूठ उघडली.

"लहानपणी एकदाही नाही सापडली मला," ती म्हणाली. "द्या माझं गाजर."